निशाण पडेपर्यंत

२० जुलै, रविवार. स्टाफरूममधलं केदारी सरांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर कोणीतरी येणार आहे. कोण आणि कधी, ते अजून ठरलेलं नाही, पण कपाट आधी मोकळं हवं असा निरोप होता. मी मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडला. एरवी एकेक वस्तू बाहेर निघाली की चार जण आठवणी सांगायला भोवती उभे राहतात आणि काम तिथंच राहतं. मदतीला आमचे शिपाई नामदेवभाऊ होते. बाहेर हायवेवर लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न, आत आम्ही दोघं. बिस्किटाच्या डब्यात भरलेले खडूचे तुकडे निघाले, दोन छत्र्या निघाल्या (एक माझी, गेल्या पावसाळ्यात हरवलेली), एक मफलर, बॅटरी संपलेला हातातला भोंगा, आणि कपाटामागून, आत मावत नाही म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली बांबूची एक काठी. काठीच्या टोकाला केशरी कापड.

"मॅडम, ही काठी टाकायची का ठिवायची?"

"बाजूला ठेवा."

"बाजूला म्हंजे भंगारात का सामानात?"

नामदेवभाऊंना मोघम उत्तर चालत नाही. आदल्या आठवड्यात प्राचार्यांचं परिपत्रक निघालं होतं, की या वर्षापासून विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठीचे सगळे प्रोत्साहनाचे उपक्रम फक्त कॉलेजच्या अ‍ॅपवरूनच होतील. नव्या वेळापत्रकात सरांचा 'सोमवारचा घाट' हा उपक्रम नव्हता. नवीन माणूस येईपर्यंत पहिल्या वर्षाचं गणित मात्र माझ्या नावावर लागलं होतं, सोमवारी पहिला तास. म्हणजे ही काठी उद्या वर्गात गेली तर सरांचा घाट राहिला, नाही गेली तर संपला, इतका तो साधा प्रश्न होता. मी नामदेवभाऊंना म्हटलं, "चहा आणा, मग सांगते."

सर गेले ते जूनच्या सुरुवातीला. सकाळी मी डोशाचं पीठ वाटत होते, तेव्हा त्यांच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, सर गेले. तुमी सावकाश या. घाई करू नका, हायवेला गर्दी आसंल." मी मिक्सर बंद करायचंही विसरले होते. मग बंद केला, पीठ फ्रिजमध्ये ठेवलं आणि निघाले. वहिनींचं ते वाक्य अजून डोक्यात आहे. केदारींच्या घरात सगळे असेच. स्वतःवर डोंगर कोसळला असला तरी समोरच्याच्या गाडीची काळजी आधी.

आमची ओळख बरीच जुनी. आम्ही दोघं एकाच वर्षी कॉलेजला लागलो. मी तळेगावची, हिशेबशास्त्र शिकवणारी. ते कान्ह्याजवळच्या एका गावातले, शेतकरी घरातले, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्र शिकवणारे. कॉमर्सच्या मुलांना हा विषय का ठेवलाय, हे मुलांना कधी कळलेलं नाही आणि आम्हालाही खात्रीनं सांगता येत नाही. गणित नको म्हणून कॉमर्सला आलेली मुलं पहिल्याच दिवशी गणिताच्या वर्गात बसतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. त्यात आमच्याकडे सोमवारचा प्रश्न. मळवली, कार्ले, लोणावळा इथली आमची निम्मी मुलं शनिवार-रविवार कामाला असतात. कोणी बंगल्यावर, कोणी पार्किंगला, कोणी चिक्कीच्या दुकानात. रविवारी संध्याकाळी पाहुणे परत गेले की बंगल्यांच्या चादरी, भांडी, आवराआवर. सोमवारी सकाळी ही मुलं झोपलेली असणार, नाहीतर आलीच तर बाकावर झोपणार. आणि केदारी सरांचा तास नेमका सोमवारी पहिला. रिकाम्या बाकांना सरासरी शिकवून ते स्टाफरूममध्ये यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, आज पंख्यांना शिकवलं. एक फिरत होता, एक नव्हता. त्याला समजलं नसावं."

त्यांच्या घरी बैलगाड्याचा नाद होता. आधी वडील, मग धाकटा भाऊ. सर स्वतः गाडा कधी जुंपत नसत, पण शर्यतीच्या घाटात (म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या धावपट्टीवर) भोंगा घेऊन समालोचन करायला त्यांना गावोगावी बोलावणं असे. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या. बैल गोठ्यात बसून, भोंगा माळ्यावर बसून. घाटाची कल्पना त्यांना त्या रिकाम्या दिवसांत सुचली असावी. एका सकाळी ते भोंगा पिशवीत घालून कॉलेजात आले आणि मला म्हणाले, "मॅडम, वर्गात घाट लावतोय."

मला प्राण्यांच्या शर्यती आवडत नाहीत, आणि हे मी त्यांना पहिल्यापासून सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "वर्गात बैल कुठं आहेत?"

"आणि चाबूक?"

"तो आहे ना तुमच्याकडं. अंतर्गत गुणांचा."

मग त्यांनी मला घाट समजावला. मी समजत होते की दोन गाडे शेजारी शेजारी पळतात आणि पुढचा जिंकतो. त्यांनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं मावळात राहून? मॅडम, आपल्याकडं गाडा एकटा पळतो. समोर कोण नाही, शेजारी कोण नाही. नुसतं घड्याळ. गाडा सुटला की घड्याळ चालू, रेषेवर निशाण पडलं की बंद. ही झाली एक बारी. आणि ठरलेल्या वेळेच्या आत जेवढे गाडे आले तेवढे सगळे पहिल्या नंबरात. वीस आले तर वीस पहिले."

"सगळ्यांचाच पहिला नंबर आला तर?"

"तर येऊ द्या की! आपलं काय जातंय?"

या एका वाक्यात त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र होतं, असं मला आता वाटतं. त्या वेळी मात्र वाटलं होतं की दोन आठवड्यांत प्रकरण थंड होईल.

थंड झालं नाही. सोमवारी पहिल्या तासाला ते फळ्यावर एक उदाहरण लिहायचे, एकेक मूल पुढे यायचं, घड्याळ लागायचं आणि सर भोंग्यातून सुरू व्हायचे. "आली आली आली... मळवलीची बारी आली... पहिली पायरी चढली... भागाकाराला जरा दबली... उचलली, उचलली, उचलली...!" शेजारी मी खतावणी शिकवत असायचे. माझ्या वर्गातली मुलं खतावणी सोडून भिंतीला कान लावायची. मी दोनदा तक्रार केली. त्यांनी भोंग्याचा आवाज कमी केला, पण आता मुलं ओरडायला लागली होती. वेळ मोजायची ती ज्याच्या त्याच्या आधीच्या वेळेशी. गेल्या सोमवारपेक्षा आपण लवकर वर चढलो की झालं. ज्याला गणित येत नाही त्यालाही गेल्या वेळच्या स्वतःला हरवता येतं, हे मुलांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आणि सोमवारी वर्ग भरायला लागला. मुलं चादरी घड्या घालून, डोळे लाल, पण हजर. एक मुलगी मला म्हणाली होती, "झोप दुपारी काढता यिती मॅडम. बारी दुपारी लागत न्हाई."

खरी गंमत पुढे झाली, आणि ती मुलांनी केली. वर्षाच्या मध्यावर कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं, "सर, आमीच का पळायचं? तुमची बी बारी लावा की." दुसरा कोणी शिक्षक असता तर गप्प बसवलं असतं. सर रात्रभर विचार करून आले आणि त्यांनी नियम सांगितला. शिक्षकानं एक संकल्पना समजावून सांगायची. तोंड उघडलं की घड्याळ चालू. आणि निशाण धरायचं ते वर्गातल्या अशा मुलानं, ज्याला मागच्या चाचणीत सगळ्यांत कमी गुण आहेत. त्याला समजलं की त्यानं निशाण खाली टाकायचं. तोपर्यंत घड्याळ थांबणार नाही, मग बाकीचा वर्ग कितीही माना डोलावू दे. वहिनींच्या जुन्या साडीचा काठ कापून केशरी निशाण तयार झालं. तीच ही काठी.

याचा परिणाम काय झाला ते शब्दांत सांगणं कठीण आहे. वर्गातलं जे मूल नेहमी खांबाआड बसायचं, ते एकदम दरवाज्यातल्या पोलिसासारखं काठी धरून पुढे उभं. आणि शिक्षक त्याच्यापुढे घाम पुसत. सरांची स्वतःची पहिली बारी इतकी लांबली की ते शेवटी हात जोडून म्हणाले, "टाक की रं बाबा आता," आणि तो मुलगा शांतपणे म्हणाला, "न्हाई सर. चल राशीपतोर आलोय, फुडं अंधार हाय." सरांनी हे स्टाफरूममध्ये येऊन स्वतः सांगितलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसले. मग एकेक करून बाकीचे शिक्षक ओढले गेले. कोणी हौसेनं, कोणी ईर्ष्येनं, बरेचसे मुलांनी चिडवलं म्हणून. बारीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये लोक चक्क पुस्तकं उघडून बसायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं. आमचे प्राचार्य अर्थशास्त्राचे. त्यांनीही एकदा चलनवाढ समजावायला घेतली. निशाण काही हललं नाही. शेवटी नामदेवभाऊंनी दया येऊन घंटा वेळेआधी दिली. तेव्हापासून प्राचार्यांचं आणि निशाणाचं थोडं बिनसलं, ते बिनसलंच.

माझी बारी घसाऱ्यावर होती. निशाण होतं रोहिणीच्या हातात. रोहिणी मळवलीची, तिचे आईवडील एका बंगल्याची देखभाल करतात. मी पुस्तकातलं यंत्र घेतलं, त्याची किंमत, त्याचं आयुष्य, दरसालची वजावट, सगळं शिस्तीत सांगितलं. आणि चक्क पाचेक मिनिटांत निशाण खाली. वर्गानं बाकं बडवली. सरांनी भोंग्यातून जाहीर केलं, "आजचा घाटाचा राजा, आपटे मॅडम!" खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "राजा की राणी?" मी म्हटलं, "घाटाला राणी नसते, राजाच असतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी व्हरांड्यात रोहिणीला सहज विचारलं, "घसारा म्हंजे काय गं?" ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई समजलं, सर."

"मग निशाण का टाकलंस?"

"मॅडम लय दमल्या हुत्या. उभ्या उभ्या घाम पुसत हुत्या. बरं नाय वाटलं."

सर हसत हसत स्टाफरूमपर्यंत आले. दारातूनच म्हणाले, "आपटे मॅडम, तुमचं राज्य गेलं. तुमच्या दरबारातलं माणूस फितूर निघालं, ते पण मायेनं." मी लालबुंद झाले होते. पण त्यांचा चेहरा मग गंभीर झाला, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला एकाही प्रशिक्षण शिबिरात कोणी सांगितलेलं नाही. म्हणाले, "मॅडम, आपली पोरं मोठ्या माणसाला 'समजलं नाही' म्हणत नाहीत. घरी पाहुण्यासमोर 'भाजी खारट झाली' म्हणतात का? तसंच. त्यांना वाटतं हा आपला अपमान आहे. आपण वर्षभर 'समजलं का?' विचारतो, ती वर्षभर 'हो' म्हणतात, आणि पेपरात कळतं. हा मान आपल्याला फार महाग पडतोय."

त्या दिवसापासून नियम बदलला. निशाण टाकणाऱ्यानं तीच गोष्ट आपल्या शब्दांत वर्गाला सांगायची, तरच बारी धरली जाईल. माझी बारी पुढच्या सोमवारी पुन्हा लागली. रोहिणी पुन्हा काठी धरून उभी. या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती, काठीकडे बघत होती, दया येऊ नये म्हणून असेल. यंत्र चालेना म्हणून मी यंत्र सोडलं. मी तिला विचारलं, "तुमच्या बंगल्यावर सोफा आहे ना? नवा होता तेव्हा कसा होता, आणि आता?" ती म्हणाली, "आता मदी बसतोय मॅडम. दर शनवारी पोरं उड्या मारत्यात." तिथून आम्ही निघालो. सोफा एकदम एका दिवसात वाया गेला नाही, दर वर्षी थोडा थोडा गेला, म्हणून त्याचा खर्चही दर वर्षी थोडा थोडा लिहायचा. वाटेत ती चार वेळा अडली. एकदा तर मीच अडले. जवळजवळ तास संपत आला, तेव्हा काठी हळूच आडवी झाली, आणि रोहिणीनं वर्गाकडे तोंड करून सोफ्याची सगळी कहाणी सांगितली, आकड्यांसकट. सरांनी जाहीर केलं की ही घाटाच्या इतिहासातली सर्वांत लांब बारी आहे. पहिला नंबर नव्हता, दुसरा नव्हता, कुठलाच नव्हता. पण मी त्यानंतर घसारा कधी यंत्रावरून शिकवलेला नाही.

मग गेल्या वर्षी अ‍ॅप आलं. मूल्यांकन समिती येणार होती, आणि प्राचार्यांवर वरून दडपण होतं की अध्यापनात नावीन्य दाखवा, पुरावे ठेवा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अ‍ॅपमध्ये विद्यार्थ्यांना गुण, शिक्षकांना तारे, तारे साठले की बिल्ले. दिसायला छान होतं. पहिल्या महिन्यात सगळे वेडे झाले. आमचे एक सहकारी रोज सकाळी दात घासायच्या आधी लॉगिन करायचे, कारण सलग हजेरीचा वेगळा तारा होता. दुसऱ्या एकांनी एकच प्रेझेंटेशन वेगवेगळ्या नावांनी इतक्यांदा चढवलं की त्यांना सुवर्णबिल्ला मिळाला, आणि ते प्रेझेंटेशन कोणी उघडून पाहिलं तर त्यात सहावं पान उलटं होतं. मुलांनी प्रश्नमंजूषेत उत्तरांचा क्रम बदलत नाही हे दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं, आणि सगळा वर्ग प्लॅटिनम झाला. सरांनीही मनापासून भाग घेतला. तारा मिळाला की टिंग वाजायचं, ते त्यांना फार आवडायचं. "मॅडम, ऐका, टिंग!" असं म्हणून फोन माझ्या कानाशी धरायचे. मी एकदा विचारलं, तुमचं यावर मत काय? म्हणाले, "यंत्र चांगलंय. नुसतं त्याला निशाण नाही. 'मला समजलं नाही' म्हणायला त्यात बटणच ठेवलेलं नाही. मग ते कोणासाठी पळतंय?"

प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "सर, घाटाचा पुरावा काय दाखवणार समितीला? काठी?" सर म्हणाले, "दाखवा की. काचेत ठेवून दाखवा." दोघंही हसले, पण घाटाचे दिवस भरत आले हे तेव्हाच दिसत होतं.

मे महिन्यात सरांना तळेगावच्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. हृदयाचं दुखणं. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर, वयानं तरुण, त्यांना आजार समजावून सांगत होते. इंग्रजी शब्द भराभर येत होते. वहिनी मान डोलावत होत्या. सरांनी हात वर केला, कोपरापासून सरळ, मूठ आवळलेली, जणू काठी धरलीय. डॉक्टर थांबले. "काय झालं, काका? दुखतंय?"

"नाही. निशाण वर आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "त्यांना समजलं नाही असं ते म्हणतायत. पुन्हा सांगा, सोपं करून." डॉक्टर हसले, खुर्ची ओढून बसले आणि शेताला पाणी देण्याच्या पाटाचं उदाहरण घेऊन पुन्हा सांगायला लागले. कुठं गाळ साचलाय, कुठं बांध फुटायला आलाय, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. सगळं स्पष्ट. सरांचा हात हळूहळू खाली आला. मग नियमाप्रमाणे त्यांनी तेच आपल्या शब्दांत वहिनींना सांगितलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला, पण मान डोलावली नाही, प्रश्न विचारले. खोलीतून बाहेर पडताना डॉक्टर मला म्हणाले, "हे मी उद्यापासून सगळ्यांना करायला सांगणार आहे." मी सरांना ते जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बघा, टिंग!" ... ती आमची शेवटची भेट.

दशक्रिया इंद्रायणीच्या काठी झाली. आमच्याकडे दशक्रियेला माईक असतो आणि माईक असला की पुढारी असतात. एकामागून एक श्रद्धांजल्या. शिक्षणक्षेत्राची हानी, न भरून येणारी पोकळी, हसतमुख व्यक्तिमत्त्व. एक गृहस्थ तर सरांना मराठीचे प्राध्यापक समजून बोलत होते. उन्हात उभं राहून पाय दुखायला लागले होते. माझ्यामागे सरांचे आजी-माजी विद्यार्थी घोळक्यानं उभे होते. त्या घोळक्यातून रोहिणी माझ्या कानाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, निशाण कुनाकडं हाय?"

मी हसले. दशक्रियेत, चारचौघांत. तोंडावर पदर धरला तरी खांदे हलत होते. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "रडू नका मॅडम," म्हणाल्या. समोर वहिनी होत्या. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनीही तोंड फिरवून घेतलं आणि त्यांचेही खांदे हलले. सरांची खरी श्रद्धांजली तेवढीच झाली, असं माझं मत आहे.

तर, रविवार. चहा घेऊन नामदेवभाऊ परत आले आणि काठीकडे बोट दाखवून नुसते उभे राहिले. मी प्राचार्यांना फोन लावला.

"सर, उद्या पहिल्या तासाला मी घाट लावतेय."

"मॅडम, परिपत्रक..."

"वाचलंय. फोटो काढून अ‍ॅपवर टाकते. तारे आले तर तुमच्या खात्यात घ्या."

मग त्यांनी विचारलं, "निशाण कोणाच्या हातात देणार?"

"जो सगळ्यांत घाबरलेला असेल त्याच्या."

"बरं," ते म्हणाले. आणि लगेच, "मी वर्गात येणार नाही हं, मॅडम."

मी फोन ठेवला आणि म्हटलं, "नामदेवभाऊ, काठी सामानात." त्यांनी काठी उचलली, कापड झटकलं आणि भोंगाही उचलला. मी म्हटलं, भोंगा राहू द्या, मला ते समालोचन जमणार नाही. ते म्हणाले, "तुमाला कोण करा म्हनतंय?"

सोमवारी सकाळी वर्ग भरलेला होता. नवी मुलं, ओल्या छत्र्या, कोणाला काही माहीत नाही. गणिताची भीती कोणाकोणाला वाटते असं विचारल्यावर अर्धा वर्ग हसला आणि कान्ह्याची एक मुलगी, पायल, हसली नाही. काठी तिच्या हातात दिली आणि नियम सांगितला. तिनं ती दोन्ही हातांनी धरली. तिसऱ्या वर्षात गेलेली रोहिणी न बोलावता येऊन दाराशी उभी होती, मोबाइलवर घड्याळ लावून. तिच्या शेजारी नामदेवभाऊ, नवे सेल घातलेला भोंगा तोंडाशी धरून. "आली आली आली... आपटे मॅडमची बारी आली...!" मी तोंड उघडायच्या आतच वर्ग पेटला होता.

विषय टक्केवारीचा. शंभर रुपयांची चिक्की, सीझनला दहा टक्के वाढवली, सीझन संपल्यावर दहा टक्के उतरवली, तरी किंमत मूळ जागी येत नाही, का? मी फळ्यावर मांडलं. शंभराचे एकशे दहा झाले, एकशे दहाचे नव्याण्णव. चांगलं स्वच्छ सांगितलं, असं मला वाटलं. "समजलं?" म्हटल्यावर सगळ्यांनी एका सुरात "हो मॅडम" म्हटलं. नामदेवभाऊसुद्धा म्हणाले. केशरी कापड मात्र वरच होतं. पायलनं माझ्याकडे पाहिलं, दाराशी उभ्या रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीनं मान हलवून तिला सांगितलं, टाकू नकोस.

"काय अडलं, पायल?"

"मॅडम, दहाच वाढवलं... दहाच कमी केलं... मग त्यो एक रुपया गेला कुटं?"

मी फळा पुसला, नवा खडू घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.